अन्ननलिकेची सूज उतरली तरी तिची हालचाल का सुधारत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की दुर्बिणीत ग्रेड बी इसोफॅजायटिस, म्हणजे अन्ननलिकेची सूज निघाली, दोन महिने पँटोप्राझोल ही ॲसिड कमी करणारी गोळी झाली, परत दुर्बीण घातली तर अस्तर एकदम स्वच्छ, जखमा भरलेल्या, पण घास अजूनही छातीच्या मधोमध रेंगाळल्यासारखा वाटतो म्हणून मॅनोमेट्री, म्हणजे नाकातून नळी घालून अन्ननलिकेतला दाब मोजणारी तपासणी केली आणि रिपोर्टवर आलं 'इनइफेक्टिव्ह इसोफेजियल मोटिलिटी', म्हणजे अन्ननलिकेची कमजोर हालचाल. मग सूज गेली तरी हालचाल का नाही सुधारली, ती सुजेमुळेच बिघडली होती की आधीपासूनच तशी होती, आणि आता पुढे काय.

मी बरीच वर्षं या मॅनोमेट्रीचे ग्राफ वाचतोय आणि हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत सारखा येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सूज हालचाल बिघडवते हे नक्की. पण दुर्बिणीला दिसतं ते फक्त आतलं अस्तर, आणि हालचाल होते त्याच्या मागच्या थरांत, स्नायूत आणि त्या स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसांमध्ये. अस्तर भरून यायला आठवडे पुरतात, मागच्या थरांचं तसं नसतं, ते कधी सावरतात, कधी अर्धवट सावरतात आणि कधी मुळातच तसे असतात.

आधी नॉर्मल काय ते बघू. अन्ननलिका साधारण २५ सेंमी लांबीची. वरचा भाग हातापायाच्या स्नायूंसारख्या रेखित स्नायूचा, खालचा अर्ध्याहून जास्त भाग स्मूथ मसलचा, म्हणजे आपल्या इच्छेवर न चालणारा. स्नायूचे थर दोन, आतला गोल गोल फिरलेला आणि बाहेरचा उभा, आणि या दोघांच्या मधे नसांचं एक जाळं. तुम्ही घोट गिळलात की पहिल्यांदा काय होतं, तर आकुंचन नाही, उलट खालची सगळी नळी सैल पडते आणि तळाचा स्फिंक्टर, म्हणजे झडपही उघडते, हे काम नायट्रिक ऑक्साइड सोडणाऱ्या नसांचं. मग वरून खाली लाट सुरू होते, ॲसिटिलकोलीन सोडणाऱ्या नसा स्नायूला आवळायला लावतात, सेकंदाला ३-४ सेंमी या वेगाने ती लाट खाली जाते आणि ८-१० सेकंदांत घास पोटात. आधी सैल, मग आवळणं, आणि तेही वरून खाली बरोबर क्रमाने, हे टायमिंग जमलं तरच घास पुढे सरकतो. नुसती ताकद असून उपयोग नाही.

रिफ्लक्सची, म्हणजे पोटातलं ॲसिड वर आल्याने होणारी सूज बसते ती मुख्यतः खालच्या भागात, म्हणजे नेमकी स्मूथ मसलच्या हद्दीत. वरच्या रेखित भागाला सहसा काही होत नाही, म्हणून घशातून घास व्यवस्थित खाली उतरतो आणि पुढे जाऊन अडल्यासारखा वाटतो.

आता सूज स्नायूपर्यंत पोचते कशी. पूर्वी समज असा होता की ॲसिड वरून अस्तर जाळत जाळत आत शिरतं, आधी पृष्ठभाग जळणार मग खालचे थर. २००९ मध्ये उंदरांवरचं एक काम आलं त्यात उलटंच दिसलं, दाहाच्या पेशी आधी अस्तराच्या खालच्या थरात जमल्या आणि पृष्ठभागावरची जखम नंतर आली. पुढे २०१६ मध्ये सूज भरून आलेल्या काही पेशंटांच्या गोळ्या मुद्दाम थांबवून, दर थोड्या दिवसांनी बायोप्सी, म्हणजे अस्तराचे बारीक तुकडे घेऊन पाहिलं, तिथेही चित्र त्याच दिशेचं, लिम्फोसाइट्स या दाहाच्या पेशींची गर्दी खोलवर आणि वरच्या पेशी अजून शाबूत. म्हणजे ॲसिड आणि पित्त लागल्यावर अस्तराच्या पेशी सायटोकाइन नावाचे रासायनिक निरोप सोडतात आणि दाह त्यातून उभा राहतो. मला हे महत्त्वाचं वाटतं कारण रासायनिक निरोपाला स्नायूपर्यंत पोचायला अस्तराला भोक पडावं लागत नाही.

हे निरोप तिथे जाऊन काय करतात ते मांजरांवरच्या प्रयोगांत फार छान उलगडलंय. अन्ननलिकेत ॲसिड सोडून सूज आणायची, मग स्नायूची पट्टी काढून तिला दोन प्रकारे डिवचायचं. एकदा विजेचा हलका झटका देऊन, ज्यात आधी नस जागी होते आणि नस स्नायूला सांगते, आणि एकदा ॲसिटिलकोलीन थेट स्नायूवर टाकून, ज्यात नसेचा संबंधच येत नाही. सुजलेल्या अन्ननलिकेच्या मधल्या भागात पहिल्या प्रकारात आकुंचन घटलेलं, दुसऱ्या प्रकारात जवळपास नेहमीसारखं. म्हणजे स्नायू मेलेला नाही, त्याला हुकूम कमी पोचतोय! इंटरल्यूकिन-१ बीटा आणि इंटरल्यूकिन-६ हे दोघं नसेच्या टोकाकडून सुटणारं ॲसिटिलकोलीनच कमी करतात. तळाच्या स्फिंक्टरची गोष्ट मात्र वेगळी निघाली. तो विश्रांतीतही आवळलेला राहतो तो बराचसा स्वतःच्या जोरावर, पेशीच्या आत साठवलेल्या कॅल्शियमवर, आणि सुजेत तो कॅल्शियमचा साठाच नीट मोकळा होत नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि प्रोस्टाग्लँडिनसारखे पदार्थ त्याचा टोन, म्हणजे विश्रांतीतला ताण, आणखी खाली आणतात. म्हणजे एकाच सुजेने वरच्या नळीत नस दबते आणि खालच्या झडपेत स्नायू स्वतःच ढिला पडतो.

हे झालं ताज्या, काही दिवसांच्या सुजेचं. दाह वर्षानुवर्षं राहिला तर तंतुमय ऊती जमायला लागतात, भिंत कडक होते, आणि मग तिथे निरोपाचा प्रश्न राहत नाही, भिंतच लवत नाही.

माणसात हे मोजलं तर काय दिसतं? १९८६ मध्ये संशोधक कारिलास आणि सहकाऱ्यांनी इसोफॅजायटिसच्या पेशंटांची मॅनोमेट्री करून दाखवलं की सूज जितकी तीव्र तितके लाट बिघडलेले पेशंट जास्त, सौम्य सुजेत साधारण चौथा हिस्सा आणि तीव्र सुजेत जवळजवळ निम्मे. दोन वर्षांनी त्याच गटाने मॅनोमेट्री आणि बेरियम (एक्सरेत पांढरं दिसणारं द्रव) गिळतानाचा एक्सरे व्हिडिओ एकाच वेळी घेऊन पाहिलं, तर खालच्या भागात लाटेचा जोर ३० मिमी पाऱ्याच्या खाली गेला की बेरियम पूर्ण पुढे जात नाही, लाट त्याच्यावरून निघून जाते आणि थोडा मागेच राहतो. आजही स्क्रीनवर हे बघताना गंमत वाटते, पांढरा स्तंभ खाली चाललाय आणि त्याची शेपूट मधेच सुटून परत वर सरकते.

ही मागे राहिलेली शेपूट अन्नाची असेल तर फार बिघडत नाही, पुढचा घोट तिला घेऊन जातो. ॲसिडची असेल तर बिघडतं. पोटातलं ॲसिड वर आलं की ते घालवायचं काम दोन टप्प्यांत होतं. पहिल्या टप्प्यात एक-दोन लाटा येऊन जवळपास सगळा आंबट द्रव खाली ढकलतात. तरी भिंतीला चिकटलेला पातळ थर आंबटच राहतो, तो घालवते लाळ, तिच्यातल्या बायकार्बोनेटमुळे, आणि प्रत्येक घोटाबरोबर पीएच पायरी पायरीने वर येतो. १९८४ मध्ये अन्ननलिकेत १५ मिली ॲसिड सोडून हे अगदी स्पष्ट दाखवलं गेलं होतं. आता लाट कमजोर असेल तर पहिला टप्पाच अर्धवट, आणि लाळ खाली पोचवायलाही लाटच लागते त्यामुळे दुसराही लांबतो. झोपेत तर आपण गिळतच नाही फारसं, लाळही आटते, शिवाय आडवं असल्यामुळे गुरुत्वाकर्षणाची मदत नाही. म्हणून रात्रीचं घशाशी येणं दिवसाच्या पाच वेळच्या जळजळीपेक्षा मला जास्त खटकतं.

म्हणजे चक्र असं की सुजेने लाट कमजोर, कमजोर लाटेने ॲसिडचा मुक्काम लांब, लांबलेल्या मुक्कामाने आणखी सूज. मग सुरुवात कुठून झाली? खरं सांगायचं तर एका माणसाच्या एका रिपोर्टवरून हे सांगता येत नाही आणि कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर जरा सबुरीने घ्या. सुजेमुळे लाट बिघडते याला प्रयोगांचा आधार आहे. लाट आधी बिघडून नंतर सूज येते याचं ठळक उदाहरण म्हणजे स्क्लेरोडर्मा हा त्वचा आणि आतले अवयव कडक करणारा आजार, त्यात स्मूथ मसलच क्षीण होतो, लाट जवळपास नाहीशी होते, स्फिंक्टर ढिला, आणि मग रिफ्लक्स इतका जोरात की सूज तीव्र. आणि ज्या पेशंटांची सूज गोळ्यांनी पूर्ण भरली त्यांच्या मॅनोमेट्री परत केल्या तेव्हा बहुतेक अभ्यासांत लाट आणि स्फिंक्टरचा दाब फारसा सुधारलेला दिसला नाही. तुमच्या बाबतीत तेच झालंय. याचा अर्थ एकतर काही जणांत हालचाल आधीपासूनच मंद होती, किंवा सुजेने केलेलं नुकसान मागच्या थरात मुरलं. माझं मत विचाराल तर दोन्ही प्रकारचे पेशंट असतात.

स्फिंक्टरबद्दल एक गैरसमज फार पसरलाय, की झडप सैल म्हणजे ती कायम उघडी. बहुतेक लोकांत, आणि सौम्य सुजेतसुद्धा, ॲसिड वर येतं ते झडप न गिळता अधूनमधून आपोआप सैल पडते तेव्हा. पोट फुगलं की व्हेगस नसेमार्फत हा रिफ्लेक्स येतो, ढेकर येण्याची यंत्रणाही हीच, त्यामुळे ही क्रिया मुळात रोग नाही. कायमचा कमी दाब आणि त्याच्या जोडीला हायटस हर्निया, म्हणजे पोटाचं वरचं टोक छातीत सरकणं, हे जास्त करून तीव्र सुजेत सापडतं. आणि हर्नियाचाही सुजेशी एक धागा आहे. प्राण्यांमध्ये अन्ननलिकेत ॲसिड सोडलं की बाहेरचा उभा स्नायू आवळतो आणि अख्खी नळी लांबीने आखडते, साहजिकच पोटाचं वरचं टोक छातीकडे ओढलं जातं. हे वारंवार होत राहिलं तर हर्निया वाढायला हातभार लागतो असा तर्क आहे आणि मला तो पटतो. याच उभ्या स्नायूचं लांबलेलं आकुंचन छातीत दुखण्याशीही जोडलं गेलंय, आणि साध्या मॅनोमेट्रीत ते दिसतच नाही कारण ती मोजते गोल स्नायूचा दाब. छाती दुखते आणि रिपोर्ट नॉर्मल, यातल्या काही जणांचं कोडं इथे असू शकतं. अर्थात छातीत दुखलं तर आधी हृदय तपासायचं, अन्ननलिकेचा विचार नंतर.

सगळी सूज रिफ्लक्सची नसते हेही सांगायला हवं, कारण तुमच्या केसमध्ये माझा पहिला संशय तिकडेच जातो. इओसिनोफिलिक इसोफॅजायटिस म्हणून एक प्रकार आहे, ॲलर्जीच्या जातीचा, स्वतंत्र आजार म्हणून तो १९९० च्या दशकात ओळखला गेला. बायोप्सीत सूक्ष्मदर्शकाच्या जास्त वाढवलेल्या एका दृश्यात (हाय-पॉवर फील्डमध्ये) १५ किंवा जास्त इओसिनोफिल, म्हणजे ॲलर्जीत वाढणाऱ्या एका जातीच्या पांढऱ्या पेशी, दिसल्या की निदानाच्या दिशेने जातो. इथे सूज फक्त अस्तरात थांबत नाही, टीजीएफ-बीटा नावाचा घटक तंतुमय ऊती वाढवतो, स्नायूचा थरही जाड होतो आणि नळी कडक होते. मॅनोमेट्री बऱ्याचदा नॉर्मल किंवा थोडीशीच मंद येते, पण घास मात्र अडकतो, अगदी दुर्बिणीने काढायला लागेल इतका, कारण लाट ठीक असली तरी नळी रुंदावतच नाही. ते मोजायला फ्लिप नावाची तपासणी असते, आत फुगा फुगवून कोणत्या दाबाला नळी किती रुंद होते ते बघतात, आणि नळी जितकी कमी ताणली जाते तितका घास अडकायचा धोका जास्त. यावर पीपीआय (पँटोप्राझोलच्या जातीच्या ॲसिड कमी करणाऱ्या गोळ्या), गिळायचं ब्यूडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोन हे स्टिरॉइड, विशिष्ट अन्नपदार्थ बंद करून बघणं, आणि २०२२ पासून अमेरिकेत या आजारासाठी मान्यता मिळालेलं ड्युपिलुमॅब, असे पर्याय आहेत.

आता इथे एक बारीक गोष्ट. तुमची दुसरी दुर्बीण गोळ्या चालू असताना झाली. या आजारात बऱ्याच जणांत पीपीआयनेच इओसिनोफिल कमी होतात, म्हणजे त्या वेळी घेतलेली बायोप्सी स्वच्छ आली तरी 'हा आजार नाही' असं म्हणता येत नाही. आणि मुळात बायोप्सी घेतली होती का तेच बघा, अस्तर चांगलं दिसलं की पुष्कळदा घेतच नाहीत. घास अडकण्याची तक्रार असेल तर अस्तर कसंही दिसो, वेगवेगळ्या उंचीवरून तुकडे घ्यायला हवेत.

दुसरा संशय बारीक अरुंदपणाचा, जुन्या सुजेने आलेला किंवा तळाशी पातळ कडं असलेला. दुर्बीण जेमतेम सेंटिमीटरभर जाडीची, ती सहज निघून जाते आणि हे निसटतं. बेरियमबरोबर १३ मिमीची गोळी गिळायला देऊन एक्सरे घेतला की ती कुठे थांबते ते लगेच कळतं. स्वस्त, जुनी, आणि हल्ली उगाच विसरली गेलेली तपासणी आहे ही.

गोळी अडकून झालेली सूज, म्हणजे डॉक्सिसायक्लिन, ॲलेंड्रोनेट, वेदनाशामकं वगैरे, ती एका जागी असते आणि भरली की बहुतेक वेळा विषय संपतो. कँडिडा बुरशी आणि हर्पिस विषाणूच्या सुजेचंही तसंच, पण कँडिडा विनाकारण दिसला तर नळी नीट रिकामी होते का ते बघावं. कारण उलटी गोष्टही घडते, अकॅलेशिया नावाच्या आजारात झडप उघडतच नाही, अन्न साचून राहतं, त्याने सूज येते, छातीत जळजळ होते, आणि पेशंट वर्षानुवर्षं ॲसिडच्या गोळ्या खात बसतो.

आता तुमच्या रिपोर्टकडे. मॅनोमेट्री वाचायची पद्धत ठरवणाऱ्या शिकागो वर्गीकरणाची चौथी आवृत्ती २०२१ मध्ये आली, त्याआधी निम्मे किंवा जास्त घोट कमजोर असले की हे लेबल लागायचं, आणि धडधाकट, काही तक्रार नसलेल्या कितीतरी लोकांनाही ते लागायचं. नव्या व्याख्येत ७० टक्क्यांहून जास्त घोट कमजोर किंवा निम्मे तरी पूर्ण फसलेले हवेत. म्हणून खालची एक ओळ वाचून घाबरू नका, आतलं टेबल बघा. दर घोटासमोर डीसीआय असा लाटेच्या जोराचा आकडा असतो, ४५० च्या खाली म्हणजे कमजोर, १०० च्या खाली म्हणजे फसलेला, आणि लाटेत ५ सेंमीहून मोठी फट असेल तर डीसीआय बरा असूनही तो घोट निष्प्रभ धरतात. रंगीत ग्राफ असेल तर ही फट डोळ्यांनाही दिसते, वरून खाली तिरका येणारा पिवळा-लाल पट्टा मधेच तुटतो, तिथे निळं रिकामं पडतं, आणि पुढे पट्टा परत सुरू होतो. दहापैकी सहा घोट कमजोर असतील तर जुन्या नियमाने तुम्ही 'आजारी' आणि नव्या नियमाने नाही, इतका फरक पडतो.

अजून एक गोष्ट शोधा, मल्टिपल रॅपिड स्वॉलो केलं होतं का. २-२ मिलीचे पाच घोट लागोपाठ, दोन-तीन सेकंदांच्या अंतराने द्यायचे. गिळत असताना नळी पूर्ण शांत राहायला हवी आणि शेवटच्या घोटानंतर एक दणकट लाट यायला हवी, एरवीच्या लाटांपेक्षा मोठी. ती आली तर स्नायूत ताकद शिल्लक आहे, फक्त रोजच्या घोटाला ती वापरली जात नाहीये. मांजरांच्या प्रयोगात थेट ॲसिटिलकोलीन टाकल्यावर आवळणाऱ्या स्नायूची आठवण मला दर वेळी होते इथे. ती लाट आली नाही तर ताकदीचा साठाच कमी, आणि अशा माणसाचं रिफ्लक्सचं ऑपरेशन करायचं असेल तर झडपेभोवती पोटाचा पूर्ण वेढा घ्यायचा की अर्धा, यावर सर्जनशी नीट बोलावं लागतं. लाट कमजोर आहे म्हणून ऑपरेशन करताच येत नाही असं नाही. लाट पूर्ण गायब असेल किंवा अकॅलेशिया असेल तर मात्र पूर्ण वेढा नको.

औषधाचं म्हणाल तर कमजोर लाट पुन्हा जोमदार करेल असं भरवशाचं औषध आज नाहीये. मेटोक्लोप्रामाइड वगैरे पोट रिकामं करायला थोडी मदत करतात, अन्ननलिकेच्या लाटेवर त्यांचा असा काही उपयोग नाही, आणि ते दीर्घकाळ घेतल्यास चेहऱ्याच्या-जिभेच्या अनैच्छिक हालचाली मागे लागू शकतात, तेव्हा स्वतःहून चालू ठेवू नका. त्यापेक्षा आधीच चालू असलेल्या गोळ्या तपासा. ब्लडप्रेशरच्या कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर गोळ्या, नायट्रेट, लघवीच्या किंवा मनाच्या आजारातली काही अँटिकोलिनर्जिक औषधं लाट आणि झडप दोन्ही ढिली करतात, ओपिऑइड वेदनाशामकं उलट नळीला पेटके आणतात. परस्पर बंद करू नका, ज्यांनी दिलीत त्यांना विचारा, कधी कधी पर्याय असतो.

पीपीआय जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्या, जेवणानंतर किंवा झोपताना घेतली की तिचा अर्धा उपयोग वाया जातो. ती लाट सुधारणार नाही, पण मागे राहिलेली शेपूट आंबट नसेल तर चक्र तिथे तुटतं. पलंगाचं डोकं उचला, खाली ठोकळे ठेवून, नुसत्या उशा रचल्या तर पोट दुमडतं. डाव्या कुशीवर झोपा. जेवताना ताठ बसा, कोरड्या घन घासानंतर पाण्याचा घोट घ्या आणि जेवल्यावर दोन-तीन तास आडवं होऊ नका.

तेव्हा क्रम असा ठेवा की आधी बायोप्सीचा रिपोर्ट शोधायचा, नसेल तर ती करून घ्यायची आणि त्याआधी गोळ्या किती दिवस थांबवायच्या ते डॉक्टरांना विचारायचं, मग बेरियम गोळीसकट, मग मॅनोमेट्रीचं टेबल नव्या व्याख्येने परत वाचून घ्यायचं. मॅनोमेट्री लगेच परत करू नका, नाकातून नळी घालून परत तोच आकडा येईल आणि उपचारात काही बदलणार नाही. मात्र घास अडकणं वाढत चाललं, घनवरून पातळापर्यंत आलं, वजन उतरायला लागलं, गिळताना दुखायला लागलं किंवा शौच काळी झाली, तर हा क्रम सोडून लगेच दाखवा. आणि घास अडकून लाळही गिळता येत नसेल तर सरळ इमर्जन्सीत जा, पाणी पिऊन किंवा बोट घालून तो काढायचा प्रयत्न घरी करू नका.